आईला नको, त्यालाच विचारा

तुमच्या ओळखीत डाउन सिंड्रोम असलेला एखादा तरुण किंवा तरुणी नक्की असेल. आठवून बघा. सोसायटीच्या गेटपाशी वॉचमनशेजारी खुर्ची टाकून बसणारा, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हात करणारा. आरतीला पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणारी. वरातीत बँडपुढे सगळ्यांत मनापासून नाचणारा. जगभरात साधारण १००० जन्मांमागे एक बाळ एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची घेऊन येतं. गरिबाघरी येतं, श्रीमंताघरी येतं. कुठलं गाव, कुठली जात, कुठला वॉर्ड याला अपवाद नाही.

आता दुसरं आठवा. त्याच्याशी तुम्ही शेवटचं कधी बोललात? ‘काय रे, जेवलास का?’ हे सोडून. काही विचारलंत आणि तो काय म्हणतो ते ऐकायला उभे राहिलात, असं बोलणं.

तुमचं उत्तर मला अंदाजानं माहीत आहे, आणि त्यात तुमच्या मनात काही वाईट असतं असं मुळीच नाही. तुम्ही त्याच्या आईशी बोलता. ‘कसा आहे हो हा? हट्ट करतो का? औषधं चालू आहेत?’ मायेनंच विचारता. पण तो तिथंच, दीड हातावर उभा असतो. त्याला सगळं ऐकू येतं, आणि त्यातलं बरंचसं समजतं.

त्या दीड हातासाठी आज मी तुमच्याकडे आले आहे. एका मुलीची आई म्हणून, आणि आमच्या पालकांच्या गटाच्या वतीनं. विनंती छोटी आहे, पण घाईची आहे. घाई कसली ते सांगते.

विशेष शाळा अठराव्या वर्षी सुटते. त्यानंतर जिल्ह्यात कार्यशाळा असली, तिथं जागा असली आणि नेण्याआणण्याची सोय असली, तर पणत्या रंगवणं, राख्या करणं, उटण्याची पाकिटं भरणं असं काम मिळतं. नसेल तर घर, कॉट आणि टीव्ही. शाळेत असताना पाठ केलेली कविता म्हणणारा, सरांची नक्कल करणारा मुलगा दोन-तीन वर्षांत कसा मिटत जातो, हे आम्ही जवळून पाहिलं आहे. आधी मोठी वाक्यं जातात. मग ‘मला नको’ जातं आणि नुसतं मान फिरवणं उरतं. मग मान फिरवणंही थांबतं, समोर येईल ते तो खातो, घालतील ते घालतो, आणि पाहुणे म्हणतात, ‘किती शांत झालाय हो हल्ली!’

हे ऐकलंत की कृपा करून मान डोलावू नका. विचारा, ‘कधीपासून शांत झालाय? रक्त तपासलं का?’ डाउन सिंड्रोममध्ये थायरॉईडचा त्रास फार आढळतो. दरवर्षी रक्त तपासलं तर तो कळतो आणि साध्या गोळीनं आटोक्यात राहतो. कानात मळ साठून ऐकू कमी येणं, नजर अधू होणं, मन खचणं, ही सगळी कारणं असू शकतात. पण ‘यांचं असंच असतं’ म्हटलं की तपासणीच होत नाही. शिकलेले डॉक्टरसुद्धा कधी कधी असं म्हणून चिठ्ठी बाजूला सारतात. आणि पुष्कळदा कारण याहून साधं असतं. दिवसभरात त्याला कोणी काही विचारलेलंच नसतं.

दुसरी घाई वयाची. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांना अल्झायमर लवकर गाठतो. चाळिशीनंतर धोका झपाट्यानं वाढतो. म्हणजे स्वतःचं म्हणणं मांडायला शिकायचं, माणसं जोडायची, एकट्यानं दुकानात जायचं, ‘मला इथं राहायचंय, तिथं नाही’ असं ठरवायचं, या सगळ्याला त्यांच्याकडे आपल्यापेक्षा कमी वर्षं आहेत. विसाव्या वर्षी कोंडलेलं माणूस तिसाव्या वर्षी बाहेर काढून चालत नाही.

तिसरी घाई आम्हा आईवडिलांची. अमेरिकेत १९८३ च्या सुमाराला डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं. आता ते ६० च्या घरात आहे. जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. त्यावर वेळेत शस्त्रक्रिया होऊ लागल्या, तसं आयुष्य वाढलं. आपल्याकडेही ज्यांना उपचार मिळाले ती मुलं आता तिशी-चाळिशी पाहतात. चांगलीच गोष्ट आहे. पण त्याचा अर्थ असा की ती आमच्या मागं राहणार. विशेष शाळेच्या कुठल्याही पालकसभेत शेवटी एकच प्रश्न उरतो, आणि तो कोणी मोठ्यानं विचारत नाही. वसतिगृह, ट्रस्ट, भावाच्या नावावर ठेवलेली मुदतठेव, सगळं आम्ही करतो. तरी आम्ही नसू त्या दिवशी माझ्या मुलीचं पोट दुखलं, तर ‘इथं दुखतंय’ हे तिलाच सांगायचं आहे. आणि ऐकणारे असणार आहात तुम्ही.

म्हणून आजपासून एक करा. तिच्याशी बोलताना तिच्याकडे बघा.

कसं बोलायचं, तेही सांगते, कारण माणसं बिचकतात ती याचमुळे. या मुलांचे स्नायू सैल असतात, तोंडाच्या मानानं जीभ मोठी पडते, शब्द जड येतात. पण समजण्याची ताकद बोलण्याच्या पुष्कळ पुढं असते. ऐकलेलं लवकर निसटतं, पाहिलेलं टिकतं. तेव्हा वाक्यं छोटी ठेवा. एका वेळी एकच गोष्ट विचारा. जमलं तर वस्तू दाखवा, बोट दाखवा, कागदावर चित्र काढा. आणि मग थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. दहा आकडे फार लांब वाटतात. पाचव्यालाच तुमच्या तोंडून ‘म्हणजे तुला चहाच हवाय ना?’ बाहेर पडू बघेल. गिळा ते. उत्तर सातव्या-आठव्या आकड्याला येतं. समजलं नाही तर समजल्याचं नाटक नको. ‘परत सांगतोस का?’ म्हणा. त्याला राग येत नाही. राग येतो तो खोट्या ‘हो हो’चा, आणि ते त्याला बरोबर कळतं.

आमच्या गटातला एक मुलगा एसटी स्टँडसमोरच्या गाड्यावर वडापाव घ्यायला जातो. सुरुवातीला वडील बरोबर असायचे. मुलगा बोलू लागला की गाडीवाला वडिलांच्या तोंडाकडे बघायचा. वडिलांनी मग युक्ती काढली. पोरानं तोंड उघडलं की हे पाठ फिरवून एसटीच्या पाट्या वाचत उभे. ‘दोन. एक बिनचटणीचा.’ एवढं म्हणायला त्याला वेळ लागायचा आणि मागं रांग असायची. एकदा मागचा एक जण वैतागला, ‘अहो, द्या की त्याचं काय ते.’ गाडीवाल्यानं झारा तसाच हातात धरला आणि म्हणाला, ‘त्याचं काय ते त्याला सांगू द्या.’ आता वडील जात नाहीत. त्या गाडीवाल्याला कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. तुम्हालाही लागणार नाही.

पण वडापाव चुकला तर बिघडत नाही. काही ठिकाणी न विचारण्याची किंमत फार मोठी असते. १९९४ साली पुणे जिल्ह्यात शिरूरच्या सरकारी गृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असं कारण दिलं गेलं. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. डॉक्टर बोलले, अधिकारी बोलले, स्त्री संघटना बोलल्या, आणि बोलायलाच हवं होतं. पण त्या मुलींचं स्वतःचं म्हणणं त्या गदारोळात कुठं वाचल्याचं मला आठवत नाही. पुढं २००९ साली चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या एका तरुणीचा गर्भपात तिच्या संमतीवाचून करायला मनाई केली. तिचं ‘नाही’ हे कायद्यानं ‘नाही’ ठरलं.

घरातलं ‘नाही’ अजून ठरायचं आहे. ज्या मुलीला जन्मभर ‘शहाणी ना तू, मोठ्यांचं ऐकायचं’ एवढंच शिकवलं, तिनं अंगाला हात लावणाऱ्या माणसाला कुठल्या तोंडानं नाही म्हणावं? अशा मुलामुलींवर लैंगिक अत्याचाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. करणारा बहुधा ओळखीचाच असतो, आणि ‘हिचं कोण खरं मानणार’ या भरवशावर असतो. त्याचा भरवसा तुम्ही मोडा. पंचवीस वर्षांच्या बाईचा गालगुच्चा घ्यायचा नसतो, लाडानंही नाही. हात धरण्याआधी विचारा. तिनं मिठी नाकारली तर ‘अगंबाई, रागावल्या की बाईसाहेब!’ म्हणून हसू नका. ‘बरं’ म्हणा आणि मागं व्हा. ती सावकाश, अडखळत काही सांगू लागली तर बसून ऐका, घरच्यांना गाठा, पोलिसांत जावं लागलं तर सोबत जा.

आता आमची मुलं काय करतात ते ऐका. ‘मुलं’ म्हणते खरी, पण काही जण पस्तिशीचे आहेत. सेल्फ-अ‍ॅडव्होकसी असं त्याचं भारदस्त नाव. आम्ही ‘आपलं आपण सांगणं’ म्हणतो. दर आठवड्याला जमतात, आणि अगदी साध्या गोष्टींचा सराव करतात. आपलं पूर्ण नाव आणि पत्ता सांगणं. ‘माझ्याशी बोला.’ ‘हळू सांगा.’ ‘मला कळलं नाही.’ ‘नको.’ शेवटच्या शब्दाला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. एक मुलगी आपलं भाषण कार्डांवर लिहून आणते, लिहून म्हणजे काढून. पहिल्या कार्डावर ती स्वतः, दुसऱ्यावर कार्यशाळा, तिसऱ्यावर रिक्षा. रिक्षावाले आपल्याला एकटीला घेत नाहीत, ही तिची तक्रार. चौथ्या कार्डावर मोठ्ठं प्रश्नचिन्ह, म्हणजे आता तुम्ही विचारा. तयारी चोख आहे. कमी आहेत ते श्रोते.

श्रोते तुम्ही व्हा. तुमच्या गणेशोत्सव मंडळात ऑर्केस्ट्राआधीची दहा मिनिटं त्यांना द्या. बचत गटाच्या बैठकीत, कॉलेजच्या एनएसएस शिबिरात, हळदीकुंकवाला, ग्रामसभेत बोलवा. एसटी डेपोत, पोलीस ठाण्यात, बँकेच्या शाखेत बोलवा, कारण खरी गरज तिथंच आहे. फक्त एक करा, शाल-श्रीफळ देऊन मोकळे होऊ नका. ‘देवाची लेकरं’ म्हणून हात जोडू नका. त्यांना प्रश्न विचारा. अवघड विचारा. भांडण झालं तर काय करतोस? पगाराचं काय करतेस? लग्न करायचंय का? ते लाजतील, हसतील, आणि उत्तर देतील. तुमच्या पोरांना तिथं पुढं बसवा. दहा वर्षांचं पोर एकदा अशा ताईशी बोललं, की शाळेच्या बसमध्ये कुणाला ‘येडं’ म्हणून चिडवताना त्याची जीभ अडखळते.

‘त्यांना जमेल का?’ ही शंका येणारच, म्हणून चार गोष्टी समोर ठेवते. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या आयुष्यावर ‘यलो’ हा चित्रपट २०१४ साली आला. त्यात मोठेपणची गौरी गौरीनंच केली, आणि छोट्या गौरीचं काम करणाऱ्या संजना रायबरोबर तिचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. नवी मुंबईत बेलापूरला अदिती वर्मा हिनं आपल्या नावाचं छोटं उपाहारगृह चालवून दाखवलं. जुहूच्या कॅफे अर्पणमध्ये बौद्धिक अक्षमता असलेली मोठी माणसं ऑर्डर घेतात, पदार्थ करतात, टेबलावर आणून देतात. दूर स्पेनमध्ये २०२३ साली मार गाल्सेरान ही डाउन सिंड्रोम असलेली बाई वालेन्सियाच्या प्रादेशिक विधिमंडळात निवडून गेली. हे सगळे अपवाद आहेत असं म्हणाल, तर मी नाही म्हणणार नाही. पण प्रत्येकामागं कोणीतरी लवकर, वेळेत दार उघडलेलं दिसतं. मुंबईत १९४४ साली जय वकील यांना डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या डीना या मुलीसाठी शाळा मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच सुरू केली. तीच आजची शिवडीची जय वकील संस्था. एका आईनं एका मुलीसाठी केलेल्या सोयीवर आज कितीतरी घरं उभी आहेत.

आता कायद्याचं थोडं, कारण तिथं आमच्या मुलांना रोज परत पाठवलं जातं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सांगतो की दिव्यांग माणसाला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. मालमत्ता बाळगता येते, पैशाचे व्यवहार स्वतः पाहता येतात. तरी आमच्यातल्या एका मुलीला कामाचे पैसे मिळू लागले आणि ती सही करून खातं उघडायला गेली, तेव्हा काउंटरवरून तिच्या वडिलांना विचारलं गेलं, ‘हिला कळतं का? पालकत्वाचा कागद आणा.’ काहींना पालकत्व लागतं, ते जरूर घ्या. कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिथं अर्ज करता येतो. पण ज्याला आधारानं स्वतः ठरवता येतं, त्याच्या नावावर पहिल्याच फटक्यात रेघ मारू नका. तुम्ही बँकेत असाल, तलाठी असाल, सेतू केंद्रात बसत असाल, तर आधी त्याच्याकडे बघून विचारा, ‘तुझं नाव काय? हे खातं कशासाठी हवंय?’

आणि मतदान! डाउन सिंड्रोम आहे म्हणून मत देता येत नाही, हा समज घराघरांत आहे, आमच्याही घरांत होता. सक्षम न्यायालयानं तसं जाहीर केलं असेल तरच मनोरुग्णतेच्या कारणावरून नाव यादीतून वगळता येतं. केवळ डाउन सिंड्रोम आहे म्हणून नव्हे. अठरा वर्षं पूर्ण झाली की मतदार नोंदणीचा नमुना ६ भरा. निवडणुकीआधी घरी सराव करा. चिन्हांची चित्रं कापून डब्याला चिकटवा, बटण दाबायला शिकवा. कोणाला मत द्यायचं ते मात्र शिकवू नका. केंद्रावर तुमची ड्युटी असेल आणि कोणी कुजबुजलं, ‘याला काय समजतंय?’, तर शाई लावा आणि पुढं जाऊ द्या.

ज्यांना चिडवल्याशिवाय राहवत नाही, त्यांच्यासाठी हेही लक्षात असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ९२ नुसार दिव्यांग माणसाचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला, तर ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आम्हाला कोणाला तुरुंगात पाठवायचं नाही. पण कट्ट्यावर चिडवणारे चार असतात आणि गप्प बसणारे दहा. त्या दहांनी एकदा ‘ए, पुरे’ म्हटलं, की पोलिसांची गरजच पडत नाही.

दरवर्षी २१ मार्च येतो. तिसऱ्या महिन्यातली एकविसावी तारीख हा जागतिक डाउन सिंड्रोम दिन. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांनीही तो मानला आहे. त्या दिवशी दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालायची रीत आहे. जरूर घाला, फोटो काढा, स्टेटसला लावा, पोरांना मजा येते. पण २२ तारखेला मोजे धुवायला गेले की विषय संपला, असं कृपया होऊ देऊ नका. २२ ला त्याच मुलाला दुकानात जायचं असतं, २३ ला दवाखान्यात.

ज्या आईबापांनी अजून मूल बाहेर काढलेलं नाही, त्यांना हात जोडून सांगते. लाज नका बाळगू. उशीर झाला असंही समजू नका. उद्या भाजीला जाताना त्याला बरोबर न्या, आणि भाजीवाली बोलू लागली की तुम्ही गप्प राहा. हे सगळ्यांत कठीण आहे, मला ठाऊक आहे. आपण वर्षानुवर्षं त्याच्या तोंडचे शब्द पुरे करत आलेलो असतो. जीभ दाताखाली धरा, पण गप्प राहा.

आणि तुम्ही शेजारी, मावशी, दुकानदार, मंडळाचे कार्यकर्ते, तुमच्या चांगुलपणाबद्दल मला जराही शंका नाही. संकटात तुम्हीच धावून येता. पण आज संकट येण्याआधीची मदत मागते आहे. जवळच्या विशेष शाळेत किंवा कार्यशाळेत फोन करा. म्हणा, ‘तुमच्याकडच्या मोठ्या मुलांना आमच्याकडे बोलायला पाठवा. आम्ही ऐकायला बसतो.’ येण्याजाण्याची गाडी तुम्ही करा. माइकचा आवाज थोडा कमी ठेवा, कर्कश आवाजाला काही जण घाबरतात. कार्यक्रम संध्याकाळी फार लांबवू नका. आणि तारीख आजच ठरवा, पुढच्या महिन्याची चालेल, पण आजच. मुलांना तयारीला वेळ लागतो.